बेसा, दिंडोरी आणि आंबट द्राक्षे

“दिंडोरीला निघालात? वा, वा! मग आमचाही नमस्कार सांगा, आणि येताना प्रसाद आणायला विसरू नका!”

शेजारच्या काकूंनी गच्चीवरून हे सांगितले तेव्हा मी मोटारीत पिशव्या ठेवीत होतो. हात जागच्या जागी थबकला. नागपूरच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या बेसा गावात स्वामी समर्थांचे मोठे मंदिर आहे, आणि इथल्या भाविकांना दिंडोरी ठाऊक आहे ती स्वामींच्या सेवामार्गाचे मुख्य केंद्र म्हणून. त्याच दिंडोरीच्या शिवारात मी शॅम्पेनची चुलत बहीण पाहायला चाललो आहे, हे पहाटे पाच वाजता खालून ओरडून सांगणे मराठीच्या प्राध्यापकाला शोभले नसते. मी नुसती मान डोलावली. सौ.ने तोंड फिरवून हसू लपवले.

वाचकांच्या मनात किल्मिष नको म्हणून आधीच सांगून टाकतो: मी पीत नाही. द्राक्षापासून झालेले एकच पेय आमच्या घरात शिरले, ते म्हणजे द्राक्षासव. आणि तेही बाबांच्या औषधाच्या फडताळात, जेवणानंतर दोन चमचे, तितकेच पाणी घालून. पण आमच्या वरच्या खोलीत चार वर्षे एक मुलगा भाड्याने राहत होता. दिंडोरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकायचा, सौ.ला काकू म्हणायचा, आणि मी त्याला एक अक्षरही शिकवलेले नसताना मला सर म्हणायचा. आता तो आपल्या गावाजवळच्याच एका वाइनच्या कारखान्यात नोकरीला आहे. “सर, एकदा जानेवारीत या. द्राक्षांची तोडणी पाहा,” असे तो दर दिवाळीला फोनवर सांगे, आणि मी दर दिवाळीला “बघू” म्हणे.

गेल्या जानेवारीत मी गेलो, त्याचे खरे कारण मात्र द्राक्षे नव्हती, संत्री होती.

बेसात आमचे दोन एकर वावर आहे. माझ्या लहानपणी बेसा म्हणजे नागपूरहून सायकल मारीत जायचे खेडे. पऱ्हाटीची आणि तुरीची वावरे, मधून बैलगाडीची वाट, आणि आमच्या विहिरीभोवती संत्र्याची दोनशे झाडे. बहार फुलला की वासाने डोके जड व्हायचे. आज त्या वाटेचा रुंद रस्ता झाला आहे, दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या आहेत, आणि आम्ही स्वतः त्यांतल्याच एकीच्या सावलीत घर बांधून राहतो. तेव्हा दुसऱ्याला नावे ठेवायला मला तोंड नाही. दोनशेपैकी साठ झाडे उरली आहेत. बाकीची डिंक्याने नेली, आणि विहिरीचे पाणी चहूकडच्या बोअरांनी ओढून नेले.

त्या वावराला गिऱ्हाईक आले होते. ले-आउट पाडायचा, प्लॉट विकायचे. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, होकार दिला होता. संमतिपत्रावर माझी सही तेवढी बाकी होती. मी कां-कूं करू लागलो तेव्हा दादा म्हणाला, “झाडं मरून राहिली, अन् तू कविता करून राहिला! सही करून टाक न बाप्पा.” त्याचे काय चुकले होते? साठीत आलेला, गुडघे दुखत असलेला तो माणूस झाडांना पाणी द्यायचा. मी रविवारी जाऊन झाडाखाली बसायचा. मी आठ दिवसांची मुदत मागितली, आणि दादाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून गाडी काढली.

शिवमडक्याला समृद्धी महामार्ग धरला की नागपूरचा माणूस एकदम मोठा होतो. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा हे जिल्हे पाट्यांवरूनच मागे पडतात. गावे दिसत नाहीत, पूल दिसतात. पूर्वी प्रवासात माणूस चहाच्या टपरीवर चार गोष्टी ऐकत असे. आता स्वतःचेच विचार ऐकतो, आणि माझे त्या दिवशी ऐकण्याजोगे नव्हते. सिन्नरजवळ महामार्ग सोडला, नाशिक ओलांडले आणि उत्तरेकडे दिंडोरीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा कुठे डोळ्यांना काम मिळाले. दोन्ही बाजूंना तारांच्या मांडवांवर चढवलेले वेल, रांगेमागून रांग, मधे मधे शेततळी. रस्त्यावरच्या पाट्यांवर परकी नावे होती. त्यांतल्या एका नावाची कथा पुढे सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता आमच्या मुलाने उठवले. “सर, ऊन चढायच्या आत फळ कारखान्यात पोचायला हवं. तापलेलं द्राक्ष वाटेतच आंबायला लागतं.” कडाक्याची थंडी होती. कपाळावर दिवे बांधलेल्या बायका वेलांच्या रांगांतून फिरत होत्या, कात्रीचा कट्-कट् आवाज आणि मधूनच हसणे, बाकी सगळे शांत. मी एक मणी तोंडात टाकला आणि दात शिवशिवले. आंबट! “अरे, ही तर कच्ची आहेत,” मी म्हणालो. मुलगा हसला. “कच्ची नाहीत सर, बेतानं तोडलीत. साध्या वाइनला गोडी लागते. फेसाच्या वाइनला आंबटपणा लागतो. आणखी दहा दिवस ठेवली तर गोड होतील, पण मग आमच्या कामाची राहणार नाहीत.”

म्हणजे पाहा! आपण पिढ्यान्‌पिढ्या त्या कोल्ह्याला हसत आलो, आणि जगातली सर्वांत मानाची वाइन ज्यांच्यापासून होते ती द्राक्षे खरोखरच आंबट असतात. कोल्ह्याला चव होती. नव्हता तो फक्त कारखाना.

तो कारखाना उभा राहायला जगाला दोन-अडीचशे वर्षे लागली. फ्रान्सच्या ईशान्येला शॅम्पेन नावाचा थंड, खडूच्या जमिनीचा मुलूख आहे. तिथे द्राक्ष पुरते पिकतच नाही. थंडी पडली की पिंपातल्या रसाचे आंबणे अर्धवट थांबायचे, वसंतात पुन्हा सुरू व्हायचे आणि वाइनला फेस यायचा. आधी हा दोष समजला जाई. पुढे त्या दोषालाच गिऱ्हाईक मिळाले. त्या मुलखातल्या एपर्ने गावी 1743 साली क्लोद मोएत नावाच्या व्यापाऱ्याने पेढी काढली. त्याचा नातू झाँ-रेमी हा नेपोलियनचा स्नेही. 1814 मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला आणि रशियन सैनिकांनी त्याची तळघरे रिकामी केली. पण घरी परतलेले तेच लोक पुढे त्याचे गिऱ्हाईक झाले, असे सांगतात. फुकट पाजून बाजारपेठ मिळवण्याची ही बहुधा पहिलीच तऱ्हा. 1832 मध्ये त्याने कारभार मुलाच्या आणि जावयाच्या हाती दिला. जावयाचे आडनाव शाँदों. म्हणून पेढी झाली ‘मोएत ए शाँदों’. जावयाला घरात घेण्याची पद्धत आपल्याकडेच आहे असे नाही, आणि तिकडे तर जावयाचे आडनावही बाटलीवर चढते.

इथवर सगळे कौतुकाचे. पण द्राक्षे पिकवणाऱ्याचे काय? माझे कान इथे टवकारले. विसाव्या शतकाच्या आरंभी वेलांच्या मुळांना कीड लागली, लागोपाठ पिके बुडाली. 1910 चे पीक तर जवळजवळ गेलेच. तरी काही व्यापाऱ्यांच्या बाटल्यांना खळ नव्हता, कारण ते आगगाडीने बाहेरून स्वस्त माल आणून त्यावर शॅम्पेनचे नाव लावीत होते. 1911 मध्ये शेतकरी उठले. तळघरे फोडली, पिंपे फोडली, वाइन गटारांतून वाहिली, लष्कर बोलवावे लागले. भांडण मद्याचे नव्हते. नाव आमच्या जमिनीचे आणि पैसा तुमचा, हे कसे, असा तो प्रश्न होता. कुठल्या गावच्या द्राक्षांना ते नाव लावता येईल, हे कायद्याने पक्के होईपर्यंत 1927 साल उजाडले. आणि 1941 मध्ये, देश जर्मनांच्या टाचेखाली असताना, शेतकरी आणि व्यापारी यांना एका मेजाभोवती बसवणारी संयुक्त समिती निघाली. ती उभी करण्यात पुढाकार होता मोएत-शाँदोंचा प्रमुख रॉबेर-झाँ द व्होग्युए याचा. 1943 मध्ये जर्मनांनी त्याला पकडले, मृत्यूची शिक्षा ठोठावली. तो कसाबसा वाचला आणि पुन्हा पेढीवर येऊन बसला.

हाच माणूस पेढीला समुद्रापार घेऊन गेला. घरच्या मुलखात जमीन मोजकी, म्हणजे वाढायला मर्यादा. मग 1959 मध्ये आर्जेंटिनात, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंडोझा भागात, शाँदों या नावाने पहिले परदेशी घर निघाले. 1973 मध्ये कॅलिफोर्नियाची नापा दरी आणि ब्राझील. 1986 मध्ये ऑस्ट्रेलिया. दरम्यान मूळ पेढी 1971 मध्ये कोन्याक ब्रँडीच्या हेनेसी घराण्याशी जोडली गेली, आणि 1987 मध्ये सामानसुमान नि चामड्याच्या पेट्या करणाऱ्या लुई व्हितों कंपनीशी मिळून तिचा अवाढव्य संसार झाला. 2013 मध्ये चीन झाला, आणि त्याच वर्षी नाशिकच्या द्राक्षांची शाँदों भारताच्या बाजारात आली. पुढे दिंडोरीत कंपनीचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. काल रस्त्यावर वाचलेले परके नाव ते हेच.

गंमत अशी की, एवढ्या देशांत गेलेल्या या पेढीने आपल्या गावाचे नाव मात्र घरीच ठेवले. मेंडोझाची असो, नापाची असो की दिंडोरीची, त्या बाटलीवर ‘शॅम्पेन’ हा शब्द नसतो. रीत तीच, कसब तेच. पण शॅम्पेनची जमीन नाही म्हणून शॅम्पेन हे नाव नाही. कसब आगबोटीतून नेता येते, जमीन नेता येत नाही.

आमच्या मुलाच्या कारखान्यात ती रीत मी पाहिली. द्राक्षे हलक्या हाताने दाबून रस काढतात, टाक्यांत थंडाव्यात आंबवतात. निरनिराळ्या मळ्यांच्या वाइनी चाखून त्यांचे मिश्रण ठरवतात. मग ते बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण घट्ट लावतात. बाटलीत पुन्हा आंबणे सुरू होते. वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या अडीच-तीन पट. म्हणून तर ती बाटली एवढी जाड काचेची! महिनोन्‌महिने बाटल्या अंधारात निजवतात. मग यीस्टचा गाळ उरतो तो काढायचा कसा? बाटल्या हळूहळू फिरवीत उलट्या करतात, गाळ मानेत जमतो, मान गोठवतात, झाकण काढले की गाळाचा बर्फ आपल्या दाबानेच बाहेर उडतो. वर चवीपुरते गोड मिश्रण, बूच, आणि बुचाला तारेची मुंडावळ. हे बाटल्या फिरवण्याचे काम पूर्वी माणसे हातांनी करीत, आता मोठाले लोखंडी पिंजरे करतात.

एक घोट चाखायला दिला. शेजारी थुंकदाणी ठेवली होती, तिच्याकडे पाहून मला धीर आला. वास ताज्या पावाचा. जिभेवर मुंग्या, मागे आंबट लिंबाची आठवण. द्राक्षासवाशी काही नाते लागत नाही, एवढाच अभिप्राय मी मराठीच्या प्राध्यापकाच्या नात्याने नोंदवला.

“आमच्याकडं वेल झोपतच नाही सर,” मुलगा म्हणाला. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो, वर्षातून एकदा छाटणी, सप्टेंबरच्या सुमारास तोडणी. इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि भर थंडीत फळ. परकी कंपनी आली तरी वेळापत्रक नाशिकचेच चालते.

हा मान पहिला दिंडोरीचा नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात, फ्रान्सच्या पायपर-हायडसीक या घराण्याचे तंत्रज्ञ बोलावून, याच रीतीची फेसाळ वाइन काढली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशांत गेली, वाखाणली गेली. मराठी माणसाने फ्रेंचांच्या पंगतीत पाट मांडला होता. पुढे 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क निघाले, गावोगाव कारखान्यांच्या पाट्या लागल्या. नारायणगावच्या कंपनीने परदेशांत कंपन्या विकत घेतल्या, आणि 2008 च्या मंदीत कर्जाखाली ती बसली.

त्या मंदीचा हिशेब मला रात्री जेवताना कळला. मुलाच्या वडिलांनी तेव्हा दोन एकरांत वाइनची द्राक्षे लावली होती. माल घ्यायला कुणी येईना. ही द्राक्षे बाजारात बसून विकताही येत नाहीत. बी मोठे, साल जाड. त्यांनी वेल उपटले. भाकरीचा तुकडा मोडीत ते शांतपणे म्हणाले, “सर, वेल उपटायला एक दिवस पुरतो. लावल्यावर पैसा बघायला तीन वर्षं जातात.”

“मग पुन्हा कसे लावलेत?”

“कागद झाला म्हणून. भाव आधी ठरला, माल किती घेणार ते लिहिलं, तेव्हा लावले. नुसत्या शब्दावर नाही लावले.”

मी त्यांना आमच्या संत्र्यांचे सांगितले. रघूजी भोसल्यांच्या काळात ती नागपुरात आली असे म्हणतात. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शॅम्पेनसारखेच, गावाचे नाव कायद्याने राखलेले. तरी मुंबईत कुठल्याही संत्र्याला ‘नागपुरी’ म्हणून पुकारतात. बांगलादेशाने आयातकर चढवला की वऱ्हाडातल्या ढिगांना वाली राहत नाही. प्रक्रियेचा मोठा कारखाना बेसाशेजारच्या मिहानात निघाला तो 2025 साली, आमची एकशे चाळीस झाडे गेल्यावर. हे सांगताना माझा आवाज चढला असावा. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी एकच विचारले, “तुमच्या झाडांना पाणी कोण देतं?”

“दादा देतो,” मी म्हणालो; आणि घास तोंडातच फिरू लागला.

त्या रात्री झोप आली नाही. आजवर मी समजत होतो, दादाला पैशाचा मोह आहे आणि मला मातीची ओढ. शॅम्पेनच्या शेतकऱ्यांनाही मातीची ओढ होतीच, पण त्यांनी तिच्यावर कविता केल्या नाहीत. त्यांनी भाव मागितला. तो ठरला, मेजाभोवती त्यांना खुर्ची मिळाली, म्हणून वेल जागेवर राहिले आणि त्या वेलांच्या जिवावर पेढी जगभर गेली. जमीन भावनेवर टिकत नाही, भावावर टिकते. दादाला तो भाव कुणी दिला नव्हता, आणि भावाने, म्हणजे मी, खांदाही दिला नव्हता.

निघताना मुलाने एक बाटली पुढे केली. मी हात जोडले. परतीच्या वाटेवर वर्धा जिल्हा लागतो. गांधीजींच्या वास्तव्यामुळे तिथे दारूबंदी. सेवाग्रामच्या मुलखातून मराठीचा प्राध्यापक शॅम्पेनची चुलत बहीण घेऊन पकडला गेला, तर वृत्तपत्रांना मथळा शोधावा लागला नसता. त्याच्या आईने दिलेली बेदाण्यांची पिशवी घेतली, आणि वाट वाकडी करून केंद्रातला प्रसादही. काकूंना दिलेला शब्द मोडायचा नव्हता.

बेसाला पोचलो तो संध्याकाळ झाली होती. तसाच दादाकडे गेलो. तो नकार ऐकायच्या तयारीने बसला होता. मी म्हणालो, “रस्त्याकडचा एकर विकू. सही देतो. विहिरीकडचा राहू दे. नवीन कलमं, ठिबक, विहिरीचा गाळ, सगळा खर्च माझा. पाणीही मीच देईन.”

“अन् कॉलेज?”

“सकाळी सहाला कॉलेज नसते.”

दादाने बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, “नवीन झाडाला बहार धरायला पाच वर्षं लागतात. तेवढी वर्षं तू पाणी घाल. मग बोलू.”

मी संमतिपत्र नवे करून त्यावर सही केली. रस्त्याकडच्या एकरात जून महिन्यात चुन्याच्या रेघा पडल्या. त्याच पावसाळ्यात विहिरीकडच्या एकरात कलमे लागली. पहिल्या आठवड्यात तळहातांना फोड आले, ते पाहून दादा हसला आणि कुदळ कशी धरायची ते दाखवून गेला. आता तो रोज सकाळी येतो. कामाला नाही म्हणे, नुसता पाहायला. पाच वर्षांनी काय होईल ते मला सांगता येत नाही. चहूकडच्या खिडक्यांतून लोक आमचा हिरवा तुकडा पाहतात, आणि त्याचा आजचा दर काय हेही त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

जुन्या झाडांपैकी जी विहिरीकडे आहेत, त्यांना यंदा आंबिया बहार बरा आहे. दिवाळीच्या फराळाच्या ताटाबरोबर चार संत्री शेजारच्या काकूंकडे पाठवली. अजून पुरती पिकली नव्हती. काकूंनी गच्चीवरूनच सांगितले, “फार आंबट आहेत हो तुमची संत्री!”

“राहू द्या काकू,” मी खालून म्हणालो, “अजून दहा-पंधरा दिवस थांबा.”